काच खाली घे, क्लेम!

क्लेम हॅडली जन्मभर दारं लावत आला, आणि त्यातलं एकही त्याच्या मालकीचं नव्हतं. बर्मिंगहॅमच्या दक्षिण टोकाला, ज्या कारखान्यातून मिनी नावाची ती बुटकी मोटार बाहेर पडे, तिथे जोडणीच्या साखळीच्या अगदी शेवटी त्याची जागा. रंग, काचा, गाद्या सगळं चढलेली गाडी समोर येई. डावं दार क्लेमचं, उजवं आयव्हर प्रॉसरचं. आयव्हर वेल्सचा, मूळचा कोळसा खाणीतला. दोघांनी एकाच क्षणी दारं लावायची आणि कान द्यायचा. एक आवाज आला तर गाडी पुढे. दोन आले तर ज्याचा मागून आला त्याने बिजागरी सैल करून पुन्हा बसवायची. ही रीत कुणी घालून दिली नव्हती, पण दोघं ती चर्चमधल्या प्रार्थनेसारखी पाळत.

एकोणसाठ साली मिनी निघाली तेव्हा बिजागऱ्या बाहेर होत्या, उघड्यावर. दार जरा वाकडं असेल तर क्लेम गुडघा टेकवी, वरची चौकट ओढी, आणि पत्रा मुकाट ऐके.

"या गुडघ्यात देव आहे माझ्या," तो घरी सांगे.

"मग रोज त्या देवाला तेल मी का चोळायचं?" त्याची बायको आयव्ही विचारी.

दहा वर्षांनी गाडी बदलली. बिजागऱ्या पत्र्याच्या आत गेल्या. सरकत्या काचा गेल्या, हँडल फिरवून वरखाली होणाऱ्या आल्या. नवी गाडी साखळीवर आली त्या शुक्रवारी सकाळीच मुकादम पीच येऊन उभा राहिला.

"क्लेम, गुडघा खिशात ठेव. या दारात काच फिरते, वाकवलंस तर अडकेल. संध्याकाळपर्यंत जमलं तर इथे राहा. नाही तर सोमवारपासून चाकांच्या शेडमध्ये."

चाकांच्या शेडमध्ये ऐकण्यासारखं काही नव्हतं. चाक बसतं आणि गप्प राहतं. क्लेमला ती शिक्षा वाटली.

पहिली गाडी आली. दोघांनी दारं लावली. दोन आवाज, क्लेमचं दार उसळून परत आलं. त्याने बिजागरी सैल केली, कसली, पुन्हा लावलं. या खेपेला आयव्हरचं उसळलं. पुढच्या गाडीचं तेच. त्यापुढचीचंही. गाड्या बाजूला साचू लागल्या.

"टकटक करून बघ, क्लेम!" पलीकडून कुणीतरी ओरडलं. "आत बाई कपडे बदलत असेल!"

क्लेम हसला नाही. त्याचे हात कधी खोटं बोलले नव्हते. आज ते परक्याचे वाटत होते.

चहाच्या सुट्टीत आयव्हर थंडी वाजते म्हणून पाव-बेकन घेऊन एका गाडीत शिरला आणि आपल्या बाजूचं दार लावून बसला. क्लेमने चिडून दुसरं दार धाडकन आपटलं.

"मेल्या!" आयव्हरने दोन्ही कान धरले. "खाणीच्या लिफ्टमधून खाली उतरल्यासारखे कानात दडे बसले की माझ्या!"

क्लेम जागच्या जागी थबकला.

"काय म्हणालास?"

"बहिरा झालास का? कानात दडे बसले!"

जुन्या सरकत्या काचा कुणी कधी पुरत्या बंद केल्याच नव्हत्या. बोटभर फट राही, आणि तिथून आतली हवा निघून जाई. नव्या काचा वरपर्यंत चढवून येत होत्या; दोन्ही दारं एकदम लागली की आत कोंडलेली हवा एका दाराला मागे ढकले. सकाळपासून क्लेम बिजागऱ्यांशी नव्हे, कोंडलेल्या हवेशी झुंजत होता, आणि त्या नादात त्याने चांगली बसलेली दारं बिघडवली होती.

तो सरळ पीचकडे गेला आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे सकाळभर तू माझ्या चांगल्या गाड्या मोडत होतास?"

"हो. आणि आता दुपारभर जोडणार. जरा सरका, उजेड अडतोय."

काचा खाली घेऊन दोघांनी एकेक गाडी पुन्हा धरली. एक आवाज. पुन्हा एक आवाज. भोंगा व्हायच्या आत साचलेली रांग संपली. पीचने शेवटच्या गाडीच्या काचा मुद्दाम वर चढवल्या.

"गिऱ्हाईक काच बंद करून बसणारच ना? मग?"

"गिऱ्हाईक दोन्ही दारं एका क्षणी लावत नाही, मुकादम. तो आमचा खुळेपणा. एकेक लावून बघा."

पीचने एक लावलं. मग दुसरं, जरा जोर देऊन. दार बसलं. त्याने भोवतीच्या फटीवरून बोट फिरवलं. फट सगळीकडे सारखी होती.

"मग हा खुळेपणा सोडून का देत नाही?"

"गाडी तीच भाषा बोलते," क्लेम म्हणाला. "मला दुसरी येत नाही."

पीचने टोपी मागे सारली. "सोमवारी इथेच ये. आणि त्या वेल्शाला गाडीत जेवू देऊ नको, गादीला बेकनचा वास येतोय."

क्लेम निवृत्त होईपर्यंत त्याच जागेवर राहिला. त्यानंतर आलेली पोरंही दार लावण्याआधी हँडल फिरवून काच खाली घेत, आणि विचारलं तर सांगत, इथे असंच करतात. मिनीचं काम थांबलं त्या वर्षापर्यंत तसंच चाललं.