दुर्बिणीतून सरकलेला चंद्र

संत्रं सोललं की मले परगावची ती जुनी वेधशाळा आठवते. लेक सुमन तेव्हा सातवीत होती. "बाबा, पृथ्वी फिरते," ती म्हणे. "माह्यं तिवशाचं वावर कधी हललं नाही," मी म्हणे.

एका संध्याकाळी त्या वेधशाळेत रांगेत संत्री खात आमी दोघं पितळी दुर्बिणीपाशी पोचलो. डोळा लावला, तर चंद्र हळूहळू सरकत बाहेर गेला.

"दुर्बीण हलून राहिली, पक्की धरा," मी तिथल्या माणसाले दरडावलं.

"दुर्बीण जागेवरच आहे, काका. आपण फिरतोय."

सुमन हसली. मी काही कबूल केलं नाही. घरी आल्यावर मात्र वावरात जाऊन काळ्या मातीले हळूच म्हटलं, "फिरत असशीन तर फिर माय, पण सुमनले सांगू नको."

आज मीच सांगून टाकलं.