मामाजींनी वाचवलेला अध्यक्ष

अमेरिकेच्या एका अध्यक्षाला त्याच्या मरणानंतर इतक्या वेळा वाचवणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर दुसरा झाला नसेल. हे काम नागपुरात, धंतोलीतल्या एका ओसरीवर चालत असे आणि ते करणारे गृहस्थ माझ्या बायकोचे मामा होते. अध्यक्ष म्हणजे तोच, ज्याने गुलामांना मोकळं केलं, देशातली आपसातली लढाई जिंकली आणि लढाई संपली म्हणून बायकोला घेऊन एक विनोदी नाटक पाहायला गेला. दारावरचा पहारेकरी जागा सोडून गेला होता. ज्या वाक्याला सगळ्यात मोठा हशा पिकतो, नेमकं त्याच वाक्याला एका नटाने मागून गोळी झाडली. मामाजींनी ही हकीकत कॉलेजात असताना वाचली आणि पुढे आयुष्यभर ते त्या नाटकगृहातून बाहेर आलेच नाहीत.

वाचवण्याच्या त्यांच्या रीती निरनिराळ्या होत्या. कधी ते अध्यक्षाच्या बग्गीचा घोडा लंगडा करत, कधी त्याच्या बायकोचं डोकं दुखवत, कधी पहारेकऱ्याला दारात बसवून ठेवत. अध्यक्ष एकदा सुखरूप घरी पोचला की मामाजींचा आवाज चढे, चष्मा कपाळावर जाई आणि एक बोट आढ्याकडे उचलून ते ओसरीवर येरझाऱ्या घालू लागत. "आता पाहा जावईबापू! माणूस जिता आहे. हरलेल्यांवर सूड नाही. सुटलेल्या गुलामाले स्वतःची जमीन, त्याचं पोरगं शाळेत! मग तो आपला कापूस आपल्या भावानं विकतो. विलायतेच्या गिरणीवाल्याले तिकडं त्याच्यासमोर हात जोडावे लागतात अन् इकडं आपल्यासमोर! आणि जगात एका ठिकाणी माणूस माणसासारखा वागला, की आपल्या गावच्या विहिरीवरचा विटाळ किती दिवस टिकते? सांगा, किती दिवस टिकते?" एवढ्या वेळात रामटेककडच्या त्यांच्या गावची विहीर सगळ्यांना खुली झालेली असे. आतून मामी म्हणत, "चहा निवून राहिला. तो घ्या आधी, मग वाचवा त्याले."

पेशाने ते वकील होते आणि वकिलीही अशीच करत. कळमेश्वरच्या एका बैलाचा खटला मी वार्ताहर म्हणून ऐकला आहे. शेजाऱ्याच्या उघड्या खड्ड्यात पडून बैल मेला होता. मामाजींनी तो बैल जगला असता तर पुढल्या पेरणीला काय झालं असतं, त्या पिकावर अशिलाने कोणती जमीन घेतली असती आणि त्या जमिनीमुळे त्याच्या मुलाला कसं स्थळ आलं असतं, हे सारं रंगवून सांगितलं. न्यायाधीश म्हणाले, "वकीलसाहेब, बैल मेला आहे." मामाजी आनंदाने ओरडले, "हाच तर आमचा दावा आहे, हुजूर!" बाहेर आल्यावर त्यांनी मला दटावलं, "तुमचा पेपर घडलेलंच काहून छापते हो? न घडलेलं त्याच्याहून किती मोठं आहे!"

पण त्यांचा खरा पराक्रम नाटकगृहात दिसे. नागपुरात कुठलंही नाटक असो, मामाजी तिकीट काढून जात आणि प्रमुख पाहुण्यांच्या मागच्या दारात रंगमंचाकडे पाठ करून उभे राहत. पहारेकरी म्हणून त्यांना कोणी नेमलेलं नव्हतं. लोक हसले की ते ताठ होत. जितका हशा मोठा, तितका त्यांचा चेहरा कठोर. अशी कितीतरी नाटकं त्यांनी ऐकली आणि एकही पाहिलं नाही. नटांविषयी त्यांचं मत उघडच वाईट होतं.

नेमकी त्यांचीच मुलगी नाटकात उतरली. तिच्या महिला मंडळाने सीताबर्डीवर दुपारचा खेळ ठरवला होता आणि तिच्याकडे एका बडबड्या आत्याबाईचं काम आलं होतं. तिचं लग्न जबलपूरला ठरलं होतं. सासरी नाटकाचं नावही चालणार नव्हतं. म्हणजे हा पहिला आणि शेवटचा खेळ.

मामाजींनी मोठ्या मनाने परवानगी दिली. "मी येतो ना. दारावर राहीन."

"मग येऊच नका," मुलगी म्हणाली. "मी तिकडं काम करून राहिली अन् माझा बाप भिंत पाहून राहिला! एक डाव समोर बसा, बाबा. माझ्याकडं पाहा."

"अन् पाहुण्यांच्या मागं कोण वं?"

"पाहुण्यांले कोण मारते? ते तर पहिल्या अंकातच झोपतात!"

मामाजी दोन दिवस अस्वस्थ होते. अखेर मामींनी निकाल दिला, "पोरगी चालली. तुमचा अध्यक्ष कुठं जात नाही." तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं आणि दार माझ्यावर सोपवलं. "पण उठून जायचं नाही, जावईबापू. तिथंच सारा घोटाळा झाला."

मी दारात उभा राहिलो, मात्र तोंड आत करून. मामाजी पाहुण्यांच्या शेजारी खुर्चीच्या कडेवर बसले होते. प्रत्येक हशाला ते अर्धे उठत आणि मागे वळून मी आहे ना ते पाहत. पाहुणे खरोखरच झोपले होते. दोन अंक असेच गेले.

तिसऱ्या अंकात आत्याबाई वरपक्षाला खडसावायला निघाली. तिने चष्मा कपाळावर सारला, एक बोट आढ्याकडे उचललं आणि येरझाऱ्या घालत बोलू लागली. प्रेक्षकांत निम्मी धंतोली होती. एका क्षणात सगळ्यांनी ते बोट ओळखलं आणि नाटकगृह हादरलं. पाहुणे दचकून जागे झाले. मी मामाजींकडे पाहिलं. आता हे पाहुण्यांना वाचवायला उडी घेणार, असं मला वाटलं.

मामाजी हसत होते. दाराकडे पाठ, दोन्ही हात गुडघ्यांवर आपटत, चष्मा गळून पडेपर्यंत. मुलीने ते रंगमंचावरून पाहिलं आणि ती पुढचं वाक्य विसरली. पडद्याआडून वाक्यं पुरवणाऱ्या बाईंनी ते दोनदा सांगितलं, तरी ती बोट वर करून तशीच उभी होती.

माझ्या बातमीत दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'आत्याबाई क्षणभर संवाद विसरल्या.' विसरण्याचं कारण बातमीत बसणारं नव्हतं.

लग्न झालं आणि मुलगी जबलपूरला गेली. नंतरच्या एका रविवारी मी ओसरीवर बसलो होतो. अध्यक्षाचा विषय अजून निघाला नव्हता, म्हणून मीच काढला, "मामाजी, अध्यक्षाने लढाईनंतर पहिलं काम कोणतं केलं असतं?"

"असू द्या हो ते," ते म्हणाले. मग रस्त्याकडे पाहत म्हणाले, "जावईबापू, पोरीचं लग्न एखादं वर्ष लांबवलं असतं, तर..."

मी वाट पाहिली. पुढचं त्यांनी सांगितलं नाही.