शिवेवरची गस्त

आज सकाळी शाळेची मुलं उसातल्या वाटेने चालली होती. पुढे काठी घेऊन आमचे सरपंच, मागे शेजारच्या गावचे दत्तूभाऊ.

दोन्ही गावांची ग्रामपंचायत एक होती, तेव्हा बिबट्यासाठी गस्तही एकत्र असायची. आमचं गाव वेगळं झालं, आम्ही गुलाल उधळला आणि गस्त बंद पडली. ऊस मात्र सलगच राहिला. महिन्याभरात शिवेवर गवत कापणाऱ्या दत्तूभाऊंच्या बायकोला बिबट्याने ओढून नेलं. मग गस्त पुन्हा सुरू झाली.

"भाऊ, तुम्ही नसता आलात तरी चाललं असतं," सरपंच म्हणाले.

"पोरं दोन्हीकडची आहेत," दत्तूभाऊ म्हणाले.

मी दत्तूभाऊंच्या सोबतीने चालत राहिलो. त्या दिवशी तिची हाक मी ऐकली होती. त्यांच्या गावचे लोक धावतील, असं म्हणून घरातच बसलो. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.