दोनदा बघणारा माणूस

काय सांगू, शिवाजी पेठेत लग्नाच्या कॅसेटची सीडी करून देणारा एक माणूस होता! ताईला सासरी सीडी न्यायची होती, तासाभरात गडहिंग्लजची एस.टी., आणि हा कंप्युटरच्या पडद्यावर टॉवेल टाकून निवांत.

"झालं का?" मी विचारलं.

"पहिली फेरी चाललीया. आत्ता ह्यो कंप्युटर नुस्ता बघतोय, गडबड कुठं हाय, मानसं गप कुठं बसल्यात. दुसऱ्या फेरीत गडबडीला सीडीवर जादा जागा दिऊन सीडी करणार."

"एकाच फेरीत करा की."

"पावणं, मग अक्षता पडताना जागा कमी पडून नवरीच्या तोंडाचं चौकोन चौकोन हुत्यात. न बघता मी लगीन केलंय, सीडी न्हाय करत."

ताई तशीच गेली. दुसऱ्या दिवशी मीच सीडी पोचवली. अक्षतेचा दाणा न् दाणा दिसत होता. सासरच्यांनी ती पळवत पळवत बघितली, थांबले फक्त जेवणाच्या पंगतीला.