ऐनावरून आलेली हाक

कार्तिकात माझी पत्नी वारली. दुसऱ्या दिवशी तिचे मामा आले, ओटीवर बसले आणि त्यांनी विचारले, "मास्तर, या घराला आग लागली तर पोर कुठनं बाहेर पडंल?"

भेटायला आलेली माणसे एकमेकांकडे पाहू लागली. मामा मात्र उठले, माजघराची खिडकी उघडून पाहिली, गज हलवून पाहिले आणि मान हलवत परत येऊन बसले. त्यांची सांत्वनाची रीत हीच होती, हे मला पुढे कळले.

आग लागणार हे निश्चित, बाकी सगळे बेभरवशाचे, असे मानून इतक्या आनंदात जगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मामांची सारी उमेद मुंबईच्या बंबखान्यात गेली होती. पेन्शन घेऊन ते आमच्या पोलादपूरला परतले, पण अंगातला बंबवाला काही निवृत्त झाला नाही. रात्री उशाशी बूट ठेवून झोपत. कोणाच्याही घरी गेले की आधी जिना कुठे आहे ते पाहत, मग यजमान. महाडला एका लग्नात वारा फिरला आणि आचाऱ्याच्या चुलाण्याचा जाळ मांडवाकडे झुकला, तेव्हा त्यांनी शेजारची भरलेली घागर चुलाण्यावर ओतली. वऱ्हाड दिवे लागेपर्यंत उपाशी राहिले. "मांडव तर शाबूत हाय ना?" एवढेच ते नवरीच्या बापाला म्हणाले. त्यांचा बंबवाल्याचा पितळी टोप, ज्याच्याविषयी ते अतिशय आदराने बोलत, मामींनी खुडूक कोंबडीला बसायला दिला होता. त्यावरून दोघांत अबोला झाला, पण पिल्ले बाहेर पडेपर्यंत टोप हलवायला खुद्द मामांनीच मनाई केली.

माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. आईचे दुखणे लांबले तेव्हा आम्ही सगळेच तिला सांगत असू, "हळू बोल, आई झोपली आहे." ती शहाण्यासारखी कुजबुजत बोलू लागली. आई गेली, पण आता मोठ्याने बोल, असे तिला कोणी सांगितले नाही. मी सांगितले तेव्हा उशीर झाला होता. ती मान डोलवी आणि कुजबुजतच "बरं" म्हणे. शाळेत तिचे पाढे कोणाला ऐकू येत नसत. इतर मुलांच्या खेळाकडे ती ओटीच्या खांबाआडून पाहत राही. घरात मी पुस्तक वाचत बसे आणि ती बसे. पाने उलटल्याचा आवाज तेवढा होई.

मामांनी हे दोन-तीनदा पाहिले आणि एका रविवारी फर्मावले, "उद्यापासनं न्हाय, आत्ताच. चल गो बाय, रेडी!"

उमरठच्या वाटेला लागले की व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी त्यांच्या घराण्याची उतरती जमीन होती. भात पिकेल एवढी सपाटी नाही, म्हणून ती मामांना वापरायला सोडलेली. तिथे त्यांनी मुलांसाठी जे उभे केले होते त्याला बागही म्हणता येणार नाही आणि मैदानही. गारंबीचा मांडीएवढा जाड वेल दोन झाडांमध्ये लोंबत होता, त्यावर बसून झोके. घसरायला तांबड्या मातीचा उतार, ज्याने आळीतल्या प्रत्येक चड्डीचा पार्श्वभाग कायमचा तांबडा झाला होता. उडी मारायला पेंढ्याचा ढीग. व्हाळ अडवायला हवे तेवढे दगड. आणि मधोमध ऐनाचे जुने झाड, ज्याला मामा "टावर" म्हणत. रविवारी आळीतली पोरे तिथे लोटत, आणि मामा गळ्यात शिटी घालून फिरत. पडायचे कसे हे ते चढायच्या आधी शिकवत. आया तक्रार घेऊन आल्या, की गंभीरपणे सांगत, "वैनी, तुमचा पोरगा आज एकदम फस क्लास पडला."

ऐनाचा एक कायदा होता. शेंड्याजवळच्या बेचक्यात पोचले की तिथून मोठ्याने "पोचलो" अशी हाक द्यायची. हाक खाली आली नाही तर चढाई फुकट. "धुरात मानूस दिसत न्हाय," मामा सांगत. "आवाज आला तरच समजायचं, मानूस हाय."

माझी मुलगी पहिल्या रविवारी खोडाला नुसता हात लावून आली. मग पहिल्या फांदीपर्यंत गेली. पौषात ती अर्ध्यावर पोचली आणि तिथून काहीतरी म्हणाली. मामांनी कानाला हात लावला. "आयकू नाय आलं!" ती पुन्हा म्हणाली. "नाय बाय. उतर. फुडच्या रविवारी." मला मामांचा राग आला. पण परत येताना ती कुजबुजली, "बाबा, रविवार कधी आहे?"

आणि माघात राबाचे दिवस आले. आमच्याकडे भाताच्या रोपासाठी जमीन भाजतात, आणि त्यासाठी लागणारा पाला ऐनाचाच. कोयता चालला की झाडाचा नुसता खांब उरतो. मामांचे थोरले भाऊ कोयती घेऊन आले. "झोपाळ्यासाठी काय राब भाजायचा सोडू? मुंबईला ऱ्हाऊन येडा झालास तू," ते म्हणाले. जमीन सामाईक होती. उद्या सकाळी तोडायला येतो, असे थोरले भाऊ बजावून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऐनाच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला एक दगड होता.

मामांनी जन्मात देवळाची पायरी चढली नव्हती. पण देवाच्या झाडाला कोयता लागत नाही, एवढे त्यांना ठाऊक होते. थोरले भाऊ आले, दगड पाहिला, वहाणा काढल्या आणि परत गेले. मामा दिवसभर शीळ घालत हिंडले. संध्याकाळपर्यंत तिथे नारळ फुटले, चार बायका ओटी भरून गेल्या, आणि एका म्हातारीने तिथे खेळणाऱ्या पोरांना काठी उगारून पिटाळले. "देवीच्या झाडावर पाय देताय मेल्यांनो?"

झाड वाचले होते. मुलांसाठी मात्र गेले होते.

माझ्या मुलीने त्या रविवारी, जायचे का, असे विचारले नाही. ओटीच्या खांबाआड जाऊन बसली. मी ते मामांना सांगितले. दगड आपणच ठेवला असे सांगावे, तर कोयता येणार. त्यांनी बुटांच्या नाड्या आवळल्या. मग म्हणाले, "कौल लावू."

गुरव आले, आळी जमली. दगडाला ओले फूल चिकटवले. उजवीकडे पडले तर पोरांनी चढावे, डावीकडे पडले तर नाही. मामा पहिल्यांदाच हात जोडून उभे होते. फूल पडेना. ऊन चढले. म्हातारी म्हणाली, "देवीच्या मनात नाय." गुरव घाम पुसू लागले. सगळ्यांचे डोळे फुलावर.

"पोचले!"

एवढा मोठा आवाज होता की मी तो ओळखला नाही. सगळ्यांनी वर पाहिले. शेंड्याच्या बेचक्यात माझी मुलगी उभी होती. "मामाआजोबा, पोचले! ऐकू आलं का?"

मामांनी कानाला हात लावला आणि जोरजोरात मान डोलावली.

खाली पाहिले तर फूल पडलेले होते. कोणत्या बाजूने घरंगळले ते कोणी पाहिले नव्हते. गुरवांनी म्हातारीकडे पाहिले. ती काठीवर हनुवटी टेकून वर पाहत होती. मग म्हणाली, "देवीच्या डोक्यावर पोर एवढी वरडली, तरी देवी गप ऱ्हायली. अजून कसला कौल पायजे रे तुमाला?"

पुढे मामा झोपेतच गेले, बूट उशाशी होते. आग शेवटपर्यंत लागली नाही. मुलगी मुंबईला असते आणि इतक्या मोठ्याने बोलते की सासूबाई तिला सारख्या हळू बोलायला सांगतात. ती ऐकत नाही. गारंबीचा वेल तुटला, पेंढ्याचा ढीग कोणी करत नाही. ऐन उभा आहे, पोरे चढतात. दर माघात दगडाला शेंदूर मी लावतो.