तिसऱ्या वर्षाचे कोंब

शनिवारी सकाळी गेशे सायकल घेऊन बर्चच्या झाडांमागच्या शेतावर पोचली, तेव्हा आदल्या दिवशी तिनं काठीला बांधलेली लाल चिंधी मातीत पडलेली होती आणि विओरिकाच्या टोळीतल्या आठ बायका वरंब्यांवर ओणव्या होऊन कोंब काढत होत्या.

लाल चिंधी म्हणजे शेत मिटलं. ॲस्परॅगसच्या नव्या लागवडीला तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा सुरी लागते, तीही जेमतेम तीन आठवडे. मग चिंधी बांधायची आणि उरलेले कोंब हवे तसे वाढू द्यायचे. त्यांचा कमरेइतका हिरवा पिसारा होतो आणि तोच जमिनीखालच्या गड्ड्याला पोसतो. एवढं पथ्य पाळलं, तर शेत पुढं दहा वर्षं देत राहतं. वडलांनी कधी यात एका दिवसाचीही सूट दिली नव्हती.

"चिंधी दिसली नाही का गं?" गेशेनं विचारलं.

विओरिका उठून उभी राहिली. चौदा वसंत ती रुमानियातून येत होती. पहिल्या वर्षी तिच्या हातात सुरी गेशेनंच दिली होती.

"दिसली ना, ताई. मालकांनीच काढली, काल संध्याकाळी. म्हणाले, काढत राहा."

"उद्या मातृदिन आहे, गिऱ्हाईक तुटून पडणार, म्हणून असेल. हिनर्कला धीर कधीच नव्हता. सोमवारी परत बांधते."

विओरिका हातमोज्यावरची रेती झटकत राहिली. झटकण्यासारखं काही उरलं नाही, तरी झटकत राहिली.

"सोमवारी पण काढायचंय, ताई. जूनच्या शेवटापर्यंत."

"अगं, मरेल ते!"

"मी म्हटलं तसं त्यांना." विओरिकाचा आवाज उतरला. "मार्चमध्येच फोन आला होता. पुढच्या वर्षी सोळा नको, दहाच बायका आण म्हणाले. बर्चमागचं शेत नसणार आहे. मला वाटलं, घरातली गोष्ट, तुम्हाला ठाऊक असेल."

गेशे त्रेसष्ट वर्षांची होती. वेझर नदीकाठच्या या रेताड मुलखात शेत वाटून घेत नाहीत, एकाच्याच नावावर जातं. ते धाकट्या भावाच्या, हिनर्कच्या नावावर गेलं आणि गेशेला वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या, हयातभर. तिनं कुरकूर केली नाही. आईच्या आजारपणाची अकरा वर्षं काढली. भावाची बायको घर सोडून गेली, तेव्हा त्याचा चार वर्षांचा माल्टे मोठा केला. दर वसंतात रस्त्याकडेच्या टपरीत उभी राहून ती कोंब विकायची आणि गिऱ्हाइकं तिला मालकीणबाई म्हणायची. सुरुवातीला ती त्यांना दुरुस्त करी. पुढं कंटाळली.

सगळ्या आयुष्यात तिनं एकच गोष्ट मागितली होती. तीन वर्षांपूर्वी बर्चमागचा राय धान्याचा तुकडा रिकामा झाला, तेव्हा ती म्हणाली, "इथं मी लावू का, माझ्या मनानं?" हिनर्क पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "लाव की." लांबलांब बोटांसारख्या मुळांचा एकेक गड्डा तिनं गुडघ्यांवर सरकत चरात पसरवला. गावातल्या हार्मनं रस्त्यावरून हाक मारली होती, "गेशे, या वयात दहा वर्षांचं पीक? दांडगी उमेद आहे बुवा!" ती हसली होती. मनातल्या मनात तिनं खरोखरच हिशेब केला होता, शेवटच्या काढणीला आपण त्र्याहत्तर.

दुपारी तिनं नेहमीसारखे कोंब सोलून शिजवले, बटाटे उकडले, हॅम कापला, लोणी वितळवलं. दोघांची ताटं वाढून झाल्यावर विचारलं, "बर्चमागं काय येणार आहे?"

हिनर्कनं मुलाकडं पाहिलं. माल्टेनं काटा खाली ठेवला.

"सोलर पॅनेल, आत्या. वीस वर्षांचा करार झाला. आणि खरं सांगू? सूर्याची सालं काढत बसावं लागत नाही!" आपल्या विनोदावर तो थोडा हसला.

"कधी झाला करार?"

"फेब्रुवारीत," हिनर्क म्हणाला. "सांगणारच होतो तुला. मातृदिनाची गर्दी एकदा सरू दे म्हटलं."

"मातृदिनाचा आणि माझा काय संबंध?"

माल्टे ताटात बघू लागला. त्याचे कान लालेलाल झाले होते.

"आता तू वाकड्यात शिरू नकोस, गेशे. जमीन कुणाच्या नावावर आहे ते तुला माहीत होतं."

"तू लाव म्हणाला होतास."

"लाव म्हणालो होतो. ठेव म्हणालो नव्हतो." तो बोलून गेला आणि बहुधा त्याच्याच कानाला ते बरं वाटलं नाही. लोण्याचं भांडं त्यानं तिच्याकडं सरकवलं. "हे बघ, कुंपणाच्या बाहेर एक वरंबा राहतोय, अगदी कडेचा. तो ठेव तुला. बांध तुझी चिंधी. घरापुरते कोंब होतील, तुझाही जीव रमेल."

"हो आत्या, खरंच," माल्टे घाईनं म्हणाला. "त्याला कुणी हात लावणार नाही. मी बघतो."

एका वरंब्यात जीव रमवायचा. आजारी माणसाच्या उशाशी कुंडी ठेवावी, तसं ते दोघं तिच्यापुढं ठेवत होते, आणि ती हो म्हणेल याची दोघांनाही खात्री होती. आजवर ती हो म्हणत आली होती. तिनं आपलं ताट उचललं, धुतलं, पुसून फळीवर ठेवलं. मग खुंटीवरची सुरी घेतली.

शेतात ऊन चढलं होतं. कडेच्या वरंब्यावरचा प्लास्टिकचा कागद तिनं दुमडून बाजूला केला. मातीला जिथं जिथं तडा होता, तिथं दोन बोटांनी उकरून तिनं कोंब मोकळा केला, खोल कापला, खड्डा थापीनं गुळगुळीत बुजवला. विओरिका शेजारच्या वरंब्यावरून बघत होती. तिनं एक क्रेट गेशेकडं ढकलला.

जाड कोंब संपले. पेन्सिलीएवढे बारीक उरले, जे काढणीच्या पहिल्या वर्षी कुणीच काढत नाही, कारण गड्ड्याचा जीव त्यांच्यावरच असतो. गेशे वरंब्याच्या टोकाशी परत आली आणि तेही कापू लागली.

"ताई, ते नका. विकले जात नाहीत ते."

"माहीत आहे मला," गेशे म्हणाली आणि पुढच्या कोंबाभोवतीची माती उकरू लागली.