मंत्र्यांच्या मिशा

लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं, तेव्हा मी एका मंत्र्याच्या मिशा पुसल्या. कागदावरच्याच; पण तेवढ्यानं व्हायचं ते झालं.

आमचे हे नाशकात शाळेत चित्रकला शिकवायचे आणि एका दैनिकासाठी व्यंगचित्रं काढायचे. सकाळी चित्र पुरं करून शाळेत जायचे. दुपारी ते पेपरच्या कचेरीत पोचवायचं काम माझं. तेव्हा कांद्यावरून रान पेटलं होतं. मंत्री भाव देतो म्हणाले होते आणि कांदा मातीमोल झाला होता. यांनी काढलं ते असं: मंत्री कांद्याच्या ढिगावर ऐटीत बसलेत, भोवती शेतकरी डोळे पुसताहेत, आणि मंत्री विचारताहेत, "कांदा कोण चिरतंय?"

खाली नाव लिहायची गरजच नव्हती. सायकलच्या हँडलसारख्या तसल्या मिशा जिल्ह्यात एकाच माणसाला होत्या.

पुढच्याच आठवड्यात निफाडला माझ्या भावाचं लग्न, आणि मंत्री येणार म्हणून वडिलांनी गावभर सांगून ठेवलेलं. हे छापून आलं तर ते कशाला येतात? चारचौघांत वडिलांची मान खाली जायची. मग स्वतःला फार मुत्सद्दी समजणाऱ्या त्या पोरीनं, म्हणजे मीच, यांचा चुका झाकायचा पांढरा रंग घेतला, मिशा साफ केल्या आणि फुंकर घालून रंग वाळवला. आता हा कुठलाही मंत्री, म्हटलं.

व्यंगचित्रकार माणसं आणतो कुठून, हे मला कुठं ठाऊक? यांची रीत अशी, की अंग घरच्यांचं घ्यायचं आणि त्यावर पुढाऱ्याच्या खुणा चढवायच्या. एक गुडघा उभा, त्यावर कोपर, टोपी जराशी मागे, हनुवटी पुढे. मिशा गेल्या आणि ढिगावर उरले माझे वडील, तुळतुळीत दाढी केलेले. घाईत मला दिसलंच नाही. हल्ली कांद्याच्या निर्यातबंदीचा वाद निघाला की नात मोबाइलवर व्यंगचित्रं दाखवते, तर मी आधी बसणं बघते आणि मग चेहरा.

दुसऱ्या दिवशी वडील सकाळच्या एसटीनं दारात, काखेत पेपर.

"पारावर बसवंना मला," ते यांना म्हणाले. "जो तो इचारतो, दादा, मंत्री झालात आन् पेढे नाय?"

यांनी पेपर हातात घेतला. बराच वेळ चित्र पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी पदराला नाक पुसत सगळं सांगून टाकलं, लग्नाचं, मानाचं, पांढऱ्या रंगाचं. वडिलांनी चहा बशीत ओतला, चित्रातल्या गुडघ्यावर बोट ठेवलं. "जावईबापू, हा लय बारकाईनं पाह्यलाय तुम्ही," म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

"माझ्यावर गाव हसलं, हसू दे. पण बाई, ज्याच्यावर हसायचं त्याच्यावर हसायचं राहून गेलं ना. लग्नाला तो नाय आला तरी चालंल. जावईबापू, उद्या त्याला मिशांसकट काढा."